जुना भाग परत लावून पाहा

मदरबोर्डाबरोबर येणारी पुस्तिका घ्या किंवा बाजारात मिळणारे संगणक दुरुस्तीचे कोणतेही पुस्तक घ्या, शेवटच्या पानांत एक तक्ता हमखास सापडतो. डाव्या रकान्यात लक्षण, उजव्या रकान्यात उपाय. 'संगणक सुरू होत नाही' या लक्षणासमोर साधारणपणे असा क्रम असतो : वीजजोडणी तपासा, रॅम काढून पुन्हा बसवा, रॅम बदलून पाहा, एसएमपीएस बदलून पाहा, मदरबोर्ड बदलून पाहा आणि सरतेशेवटी विक्रेत्याशी संपर्क साधा. या लेखात मला त्या तक्त्याचेच परीक्षण करायचे आहे. परीक्षण कादंबरीचे व्हावे, दुरुस्तीच्या तक्त्याचे कसले, असे कोणी म्हणेल. पण शाळेत संगणकाविषयी जे छापील साहित्य पोचते त्यात हा एकच मजकूर असा आहे, की जो वाचून माणूस लगेच काहीतरी करायला उठतो. त्यामुळे त्यातील चूक कागदावर राहत नाही, यंत्रात उतरते.

पहिला आक्षेप भाषेबद्दल आहे. 'सुरू होत नाही' या तीन शब्दांत किमान चार वेगवेगळ्या अवस्था कोंबलेल्या असतात. बटण दाबले तरी काहीच हालचाल नाही, ही एक. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, ही दुसरी. उत्पादकाचे नाव उमटते आणि मग 'सुरुवात करण्याजोगी डिस्क सापडत नाही' अशी ओळ येते, ही तिसरी. विंडोज सुरू होता होता निळा पडदा येतो, ही चौथी. या चार अवस्थांची कारणे बहुधा वेगळी असतात. निळा पडदा दिसला याचाच अर्थ विजेपासून रॅमपर्यंतची साखळी निदान चालती आहे. अशा वेळी तक्ता वरून वाचायला घेणारा एसएमपीएस बदलायला निघतो.

दुसरा आक्षेप बीपच्या सांकेतिक आवाजांबद्दल. हे संकेत पाढ्यांसारखे पाठ करून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप म्हणजे चित्रपटलाच्या कार्डाचा दोष. एएमआयच्या बायोसमध्ये तेवढ्याचसाठी आठ आखूड बीप होत. म्हणजे कोणाचा बायोस आहे हे ठाऊक नसेल तर पाठांतर व्यर्थ. शिवाय आजच्या बऱ्याच मदरबोर्डांवर बझरच नसतो. त्याऐवजी सीपीयू, रॅम, चित्रपटल व डिस्क यांच्या नावाचे चार बारीक दिवे असतात आणि ज्या पायरीवर गाडे अडले तो दिवा पेटून राहतो. खरे तर हे दिवे समजायला अधिक सोपे, कारण ते भागांची यादी सांगत नाहीत, क्रम सांगतात.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासाठी एक तांत्रिक संदर्भपुस्तिकाही विक्रीस ठेवली होती. तीत यंत्राचे संपूर्ण विद्युत आराखडे आणि बायोसच्या आज्ञावलीची टिप्पणीसह छापील प्रत होती. बटण दाबल्यावर यंत्र प्रथम काय तपासते, मग काय तपासते, हे ज्याला वाचायचे त्याला ओळीने वाचता येत होते. आजची पुस्तिका कितीतरी गुळगुळीत कागदावर छापलेली असते, पण ती ग्राहकाला उद्देशून असते, वाचकाला नव्हे. एवढा फरक चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पडला.

आता हे सारे खानदेशातील शिक्षकाच्या कामाचे का, ते सांगतो. केंद्र सरकारची शाळांसाठीची माहिती-तंत्रज्ञान योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आपल्या राज्यात तिची अंमलबजावणी 'बांधा, चालवा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर झाली. ठरलेली वर्षे कंत्राटदाराने सांभाळायचे, नंतर संगणक शाळेचे. पुढे जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि गावोगाव डिजिटल शाळांची चळवळ उभी राहिली. धुळे जिल्ह्यात मूळचे धुळेकर व न्यूयॉर्कमध्ये काम करणारे हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळांत लोकवर्गणीतून साधने आली. या साधनांत गावाचा पैसा आहे. खरेदीच्या दिवशी वर्गणी निघते, पण पाच वर्षांनंतर बिघडलेल्या मदरबोर्डासाठी ती निघत नाही, हे वेगळे सांगायला नको. साक्री किंवा चोपडा तालुक्याच्या टोकाच्या गावी तंत्रज्ञ येणार तो मोटारसायकलवर अर्धा दिवस घालवून.

त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी असते आणि साधारणपणे २०१८ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. साहजिकच शाळांतून जुनी यंत्रे जगवण्याची धडपड चालू आहे : कोठे हार्ड डिस्क काढून एसएसडी लावायची, कोठे ४ जीबी रॅमची ८ करायची, कोठे बंद यंत्राचा एखादा भाग चालू यंत्रात घालायचा. नवा भाग बसवला आणि कालपर्यंत चालणारा संगणक आज उठेना, हा प्रसंग त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक वेळा येणार आहे.

आणि नेमक्या याच प्रसंगाविषयी तो तक्ता गप्प असतो. चालता चालता आपोआप बंद पडलेला संगणक आणि भाग बदलल्यावर बंद पडलेला संगणक, या दोन अगदी निराळ्या समस्या आहेत. पहिल्या बाबतीत काय घडले हे आपल्याला ठाऊक नसते. दुसऱ्या बाबतीत बिघाड कधी झाला आणि त्याच्या लगेच आधी काय केले होते, हे दोन्ही ठाऊक असते. आम्ही प्रयोगशाळेत महिनोन् महिने खपतो ते एवढी माहिती मिळवण्यासाठीच! ती आयती मिळालेली असताना तक्ता वाचकाला पुन्हा पहिल्या ओळीवर नेतो आणि सगळेच भाग संशयित ठरवतो.

मुळात भाग बदलणे ही एक कृती दिसत असली तरी तिच्यात तीन बदल एकदम होतात. नवा भाग आला, हा पहिला. तो बसवताना आपला हात आसपासच्या गोष्टींना लागला, हा दुसरा : एखादी केबल सैल झाली, प्रोसेसरला १२ व्होल्ट देणारी चार पिनांची वेगळी जोडणी द्यायची राहिली, किंवा कॅबिनेटमधला एखादा पितळी खुंट चुकीच्या जागी राहून बोर्डाच्या पाठीला टेकला. तिसरा बदल डोळ्यांना दिसत नाही. यंत्राच्या स्मृतीत जुन्या जुळणीची जी नोंद होती ती आता खरी राहिली नाही. हे तीन सुटे करण्याचा मार्ग एकच, आणि तो अगदी साधा आहे : जुना भाग जसा होता तसा परत लावा आणि यंत्र सुरू करून पाहा. सुरू झाले, तर दोष नव्या भागात किंवा त्याच्या व यंत्राच्या न जुळण्यात आहे. सुरू झाले नाही, तर नव्या भागावरचा मुख्य आरोप मागे घ्यावा आणि आपल्या हाताने काय हलले ते शोधावे. प्रयोगाच्या भाषेत याला नियंत्रण म्हणतात. आठवीच्या विज्ञानात एका कुंडीला खत घालून दुसरी तशीच ठेवतो, ती दुसरी कुंडी. मी चाळलेल्या डझनभर पुस्तिकांपैकी एकीतही ही पायरी लिहिलेली नव्हती.

ती न केल्यास काय होते याचे एक उदाहरण देतो. जळगाव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयातील संगणकात रॅम वाढवण्यात आली. पडदा काळा राहिला. तंत्रज्ञाने रॅम काढून-घालून पाहिली, मग मदरबोर्डावरची बटणासारखी बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत लावली. पडदा उजळला. पण विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊ लागला. आता संशय हार्ड डिस्कवर गेला, डिस्क पुसून विंडोज नव्याने घालण्यात आली आणि संगणक 'दुरुस्त' झाला. अनेक वर्षांचे निकाल आणि दाखल्यांच्या नोंदींच्या प्रती त्यात गेल्या. मी तेथे एका व्याख्यानासाठी गेलो असताना ही हकीकत ऐकली आणि शेजारच्या खोलीतील त्याच खेपेच्या सात यंत्रांचे बायोस उघडून पाहिले. सातही ठिकाणी डिस्कशी बोलण्याची पद्धत 'एएचसीआय' ठेवलेली होती. कार्यालयातल्या यंत्रात तीच 'आयडीई' होती. बॅटरी काढल्यामुळे सगळ्या नोंदी कारखान्यातल्या मूळ स्थितीला गेल्या, त्यात हीही गेली. त्या जुन्या विंडोजला आपलीच डिस्क ओळखू येईना. म्हणजे पहिल्या बिघाडाच्या उपायाने दुसरा बिघाड निर्माण केला आणि दुसऱ्याच्या उपायाने दप्तर पुसले. बायोसमध्ये एक ओळ बदलली असती तर काम दोन मिनिटांचे होते. बॅटरी काढण्यापूर्वी बायोसच्या चार पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले असते तरी पुरले असते.

इतिहासाचार्य राजवाडे यांचे दप्तर जतन करणारे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. कागद वाचण्याआधी फाडू नये, हे त्या गावाला मी सांगायला नको.

तंत्रज्ञांना दोष देणे मात्र सोपे आणि बरेचसे अन्यायाचे आहे. 'बदलून पाहू' ही पद्धत दुकानात चुकीची नाही. त्याच्याकडे मागच्या फळीवर चालू स्थितीतील रॅम, एसएमपीएस आणि कार्ड असते. खात्रीचा भाग लावून पाहणे हा त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त प्रयोग आहे, आणि तो नियंत्रित प्रयोगही आहे. 'सर, बोर्ड उडी गया' असे तो अहिराणीत म्हणतो तेव्हा त्यामागे बहुधा शे-दोनशे बोर्डांचा अनुभव असतो. शाळेत येऊन तो हीच पद्धत वापरतो, पण येथे खात्रीचा भाग नसतो. शेजारच्या बंद यंत्रातील रॅम घालून पाहिली आणि संगणक उठला नाही, तर त्यावरून काय सिद्ध झाले? दोन अज्ञात राशी आणि समीकरण एकच. पुस्तकाने दुकानातली पद्धत उचलली आणि तिच्यामागची फळी विसरली, हा माझा खरा आक्षेप आहे.

चांगल्या पुस्तकात तक्त्याच्या जागी क्रम असता. तो थोडक्यात असा. भिंतीवरचे बटण चालू केले की एसएमपीएस लगेच ५ व्होल्टचा एक राखीव पुरवठा देऊ लागतो. संगणक बंद असतानाही तो चालू असतो, म्हणून भाग बदलताना प्लग काढायचा असतो. कॅबिनेटचे बटण दाबले की मदरबोर्ड एका तारेला, बहुतेक ठिकाणी ती हिरवी असते, शून्यावर ओढतो. तेव्हा १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात. ते स्थिर झाल्याचा इशारा दुसऱ्या तारेवरून येतो, त्याला सेकंदाचा काही दशांश लागतो, आणि मगच प्रोसेसरला मोकळे सोडले जाते. त्याची पहिली आज्ञा ठरलेल्या पत्त्यावर असते : ४ जीबीच्या टोकापासून १६ बाइट अलीकडे. तेथे बायोसची चिप असते. बायोस रॅमच्या पट्टीवरील छोट्या चिपमधून तिची वेगमर्यादा वाचतो, रॅम तपासतो, चित्रपटल शोधतो, मग डिस्क.

हा क्रम कळला की एक सुंदर प्रयोग सुचतो. पंखा फिरतो, पडदा काळा, आवाज नाही, अशी अवस्था असेल तर प्लग काढून सगळ्या रॅम मुद्दाम काढून घ्या आणि पुन्हा सुरू करा. बोर्डाला बझर जोडलेला असेल आणि तो तक्रार करू लागला, तर आनंद माना. तक्रार करायला वीज लागते, चालता प्रोसेसर लागतो आणि वाचता येणारा बायोस लागतो. मुद्दाम केलेल्या एका बिघाडाने तीन भाग एकदम निर्दोष ठरले, तेही एकही सुटा भाग विकत न घेता! रॅम नसतानाही यंत्र मुकेच राहिले, तर शोध रॅमच्या अलीकडे घ्यायचा : चार पिनांची जोडणी, प्रोसेसर, बोर्ड. चार दिव्यांच्या बोर्डावर हेच डोळ्यांनी दिसते. वर्गात हा प्रयोग चालत्या यंत्रावर करून दाखवावा. नसलेल्या गोष्टीची तक्रार हाही पुरावा असतो, हे मुलांना इतक्या स्वस्तात दुसरीकडे दाखवता येणार नाही. एसएमपीएसचा डबा मात्र कोणीही उघडू नये. आत २३० गुणिले १.४१, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित झालेले धारित्र असते आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ भार धरून राहू शकते.

न जुळण्याची प्रकरणे यानंतर येतात. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही पट्ट्यांना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावणारे हात खाचेला जुमानत नाहीत. जुन्या यंत्रातील डिस्क नव्या यंत्रात घातली तर 'डिस्क सापडत नाही' असे उत्तर येऊ शकते, यात दोघांचाही दोष नसतो. जुनी डिस्क जुन्या बायोस पद्धतीने मांडलेली असते, नवे यंत्र यूईएफआय पद्धतीने सुरुवात शोधते, आणि अलीकडच्या अनेक बोर्डांतून जुनी पद्धत काढूनच टाकली आहे. डीडीआर-५ रॅमचे नवे यंत्र पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटे काळा पडदा ठेवू शकते. घाबरून मध्येच वीज बंद करू नये. आणि ज्या यंत्राची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे त्याचा मदरबोर्ड बदलण्यापूर्वी ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही उपयोगाची नाही.

शेवटचा आक्षेप असा की ही पुस्तके कोणत्या हवेत वाचली जातील याचा विचार त्यांत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस हवेत असते आणि ती प्रोसेसरच्या उष्णतापसरणीच्या पात्यांत नमद्यासारखी बसते. कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युतभार साठतो. माणसाला त्याचा चटका साधारण ३००० व्होल्टला जाणवतो, पण चिपला काहीशे व्होल्टही पुरतात. यावर पुस्तिका सांगते, की काम करण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे भार जमिनीत जाईल. सल्ला योग्य आहे, पण त्यात कॅबिनेट जमिनीला जोडलेले आहे हे गृहीत धरले आहे. आमच्याकडील किती शाळांत तिसऱ्या पिनेची तार खरोखर खड्ड्यापर्यंत पोचते? आणि पोचली तरी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यात पाणी कोणी ओतत नाही, विरोध वाढतो.

तार पोचत नसेल तर काय होते, हा अकरावी-बारावीच्या भौतिकीतला प्रश्न आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळण्यासाठी दोन सारखी धारित्रे असतात : एक फेज व कॅबिनेट यांच्यामध्ये, दुसरे न्यूट्रल व कॅबिनेट यांच्यामध्ये. अर्थिंग नसेल तर ती २३० व्होल्ट समान वाटून घेतात आणि कॅबिनेट ११५ व्होल्टवर तरंगते. प्रत्येक धारित्र ४.७ नॅनोफॅरडचे धरले तर ५० हर्ट्झला त्याचा रोध सुमारे ६८० किलोओहम येतो आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जास्तीत जास्त ०.३४ मिलिअँपिअर प्रवाह जातो. त्याच त्या झिणझिण्या, ज्यांना 'संगणकाला करंट आहे' म्हणतात. पण दहा यंत्रांच्या तिसऱ्या तारा एकमेकींना जोडलेल्या आणि जमिनीला नाहीत, असे असेल तर हे प्रवाह मिळून ३.४ मिलिअँपिअर होतात. तेव्हा मूल ओरडते. प्लग लावलेल्या अशा कॅबिनेटमध्ये नवी रॅम घेऊन हात घालणे म्हणजे पुस्तिकेचा सल्ला पाळून चिप मारणे होय. प्लग काढावा, एक हात कॅबिनेटच्या उघड्या धातूवर ठेवावा आणि दुसऱ्या हाताने काम करावे. मग अर्थिंग असो वा नसो, हात आणि बोर्ड एकाच विभवावर राहतात.

विज्ञानाच्या कपाटात डिजिटल मल्टिमीटर असतोच. वायरमनला बोलावून प्रयोगशाळेच्या प्रत्येक सॉकेटवर त्याच्याकडून तीन मापे घ्यावीत : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. अर्थिंग ठीक असेल तर पहिली दोन मापे २३० च्या आसपास आणि तिसरे दोन-चार व्होल्ट येते. यंत्रे जोडलेली असताना शेवटची दोन्ही मापे ११५ च्या जवळ आली, तर नवी रॅम आणण्यापूर्वी खड्डा उघडावा लागेल.